नदीकाठचे घर आणि नावेचा खुंटा : इंग्लिश विधीतील खासगी नौकास्थानाचा विचार

इंग्लंडात टेम्स नदीच्या काठचे एखादे घर विक्रीस निघाले म्हणजे त्याच्या वर्णनात खोल्यांची संख्या, बागेचे क्षेत्रफळ आणि रेल्वे स्थानकाचे अंतर यांच्या जोडीला पुष्कळदा आणखी एक गोष्ट सांगितलेली असते : घराला स्वतःचे खासगी नौकास्थान आहे. बागेच्या टोकाशी लाकडी फळ्यांचा लहानसा धक्का, पाण्यात रोवलेले दोन खुंटे आणि त्यांना बांधलेली एक नाव, असे त्याचे दृश्य रूप. या दृश्यासाठी खरेदीदार चांगली किंमत मोजतो. परंतु खरेदीखतावर सही झाल्यावर त्याच्या पदरात नेमके काय पडते, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. जमीन विकत मिळते, घर विकत मिळते. नाव हवी तर वेगळी विकत घेता येते. पण जमीन आणि नाव यांच्यामधले जे नाते, ते विकत मिळते काय? मिळत असेल तर ते मालमत्ता म्हणून मिळते, की कोणाच्या तरी मर्जीवर?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इंग्लिश विधीच्या आधारे आणि मुख्यत्वे टेम्सच्या संदर्भात करावयाचा आहे. आपल्याकडील अभ्यासक्रमात नदीकाठच्या मालकाचे हक्क हे प्रकरण बहुधा पाण्याच्या उपयोगापुरते येते. वरच्या अंगाचा मालक पाणी अडवितो, कारखाना ते दूषित करतो, अशा वादांतून विद्यार्थी ते शिकतो. नावेचा विषय सहसा मागे राहतो. वस्तुतः मालकी, सुविधाधिकार, परवाना आणि नुसती मुभा या चार कल्पनांमधील भेद जितका स्वच्छ या विषयात दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. नदीला लागून ज्याची जमीन आहे त्याला येथे ‘तटस्वामी’ म्हटले आहे. मूळ अर्थाने ‘तटस्थ’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता, कारण काठावर उभा असलेला तो तटस्थ. परंतु त्या शब्दाने आता निराळीच नोकरी धरली आहे, आणि नदीकाठच्या दाव्यांतील पक्षकार तर त्या अर्थाने मुळीच तटस्थ नसतात.

नौकास्थान ही एकच वस्तू नव्हे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. दोर ज्या कड्याला बांधला ते कडे काठाच्या जमिनीत असते. नाव ज्या पाण्यावर तरंगते त्या पाण्याखाली नदीचा तळ असतो, आणि धक्क्याचे खांब त्या तळात रोवलेले असतात. नावेपासून नदीच्या मुख्य प्रवाहापर्यंत जे पाणी असते त्यावरून ये-जा करावी लागते. काठ एकाचा, तळ दुसऱ्याचा आणि पाण्यावरून जाण्याचा हक्क सर्वांचा, अशी स्थिती असू शकते. टेम्सवर ती पुष्कळ ठिकाणी आहेच. विक्रेता यांपैकी काठ निश्चितपणे विकू शकतो. उरलेल्या दोहोंविषयी चौकशी करावी लागते.

टेम्सच्या बाबतीत ही चौकशी टेडिंग्टन येथील जलपाशापासून सुरू होते. समुद्राची भरती सामान्यतः तेथपर्यंत चढते. तेथून वर, ग्लॉस्टरशरमधील उगमाच्या दिशेने, नदी गोड्या पाण्याची आणि बंधाऱ्यांनी पातळी राखलेली आहे. तेथून खाली लंडन आणि समुद्रापर्यंत ती भरती-ओहोटीची नदी आहे. वरच्या भागावर आज पर्यावरण अभिकरणाची आणि खालच्या भागावर लंडन बंदर प्राधिकरणाची सत्ता चालते. १८५७ साली स्थापन झालेल्या टेम्स संरक्षक मंडळाकडे एके काळी दोन्ही भाग होते. १९०८ च्या अधिनियमाने खालचा भाग तोडून नव्या बंदर प्राधिकरणाला देण्यात आला. वरचा भाग १९७४ साली टेम्स जल प्राधिकरणाकडे, १९८९ साली राष्ट्रीय नदी प्राधिकरणाकडे आणि १९९६ साली विद्यमान अभिकरणाकडे गेला. मालक बदलले नाहीत, राखणदार बदलत गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही सीमारेषा केवळ कारभाराची नाही. सामान्य विधीप्रमाणे भरतीच्या टप्प्याबाहेरील नदीत तटस्वामीची मालकी पात्राच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचते असे गृहीत धरले जाते. दोन्ही काठ एकाचेच असतील तर सगळे पात्र त्याचे. याउलट भरतीच्या टप्प्यातील नदीचा तळ प्रथमदर्शनी राजसत्तेचा मानतात, आणि काठच्या मालकाची हद्द सरासरी भरतीच्या रेषेशी थांबते. टेम्सच्या या खालच्या तळावरून राजसत्ता आणि लंडन नगर यांच्यात एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. त्याची तडजोड होऊन तो तळ संरक्षक मंडळाकडे आला आणि पुढे त्यातील बहुतेक बंदर प्राधिकरणाकडे गेला. म्हणून वरच्या अंगाला, समजा मार्लो किंवा हेन्ली येथे, घर घेणाऱ्याच्या धक्क्याचे खांब त्याच्या स्वतःच्या जमिनीत उभे असण्याचा संभव असतो. खाली पटनी येथे तसेच घर घेणाऱ्याचे खांब मात्र बहुधा दुसऱ्याच्या जमिनीत उभे असतात. दोन्ही घरांच्या जाहिरातीतील शब्द एकच असतात.

मध्यरेषेचे गृहीतक हे गृहीतकच आहे, हे मात्र विसरता कामा नये. जुन्या खरेदीखतात तळ वगळलेला असेल, किंवा मासेमारीच्या स्वतंत्र हक्काबरोबर तो पूर्वीच दुसऱ्या कोणाकडे गेलेला असेल, तर गृहीतक कोसळते. इंग्लंडातील भूमि-नोंदणीचा नकाशाही येथे फारसा साहाय्यकारी होत नाही. २००२ च्या भूमि-नोंदणी अधिनियमाच्या ६० व्या कलमाप्रमाणे नकाशावरील लाल रेषा ही सर्वसाधारण हद्द दाखविते, काटेकोर हद्द नव्हे. आणि ६१ व्या कलमाप्रमाणे नदीने हळूहळू घातलेली किंवा खाल्लेली जमीन नोंदीमुळे गोठून जात नाही. रेषा काठाशी थांबली म्हणून तळ आपला नाही असे सिद्ध होत नाही, आणि आपला आहे असेही नाही. टेम्सच्या वरच्या भागात आणखी एक अडचण आहे. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने जी पायवाट केलेली होती ती पुष्कळ लांबीत अजून सार्वजनिक आहे. पायवाट ज्या काठाला असेल त्या काठच्या घराच्या बागेत आणि नदीत लोकांची वर्दळ असते, आणि धक्का पायवाटेच्या पलीकडे पडतो. अशा वेळी पलीकडची चिंचोळी पट्टी कोणाची, हा प्रश्न घरापेक्षा मोठा होतो.

आता समजा की तळ आपला नाही. मग तटस्वामीला नदीवर काहीच हक्क नाही काय? या प्रश्नाचे उत्तर १८७६ सालच्या लायन विरुद्ध फिशमाँगर्स कंपनी या निवाड्यात मिळते. लंडनमधील अप्पर टेम्स स्ट्रीटवर लायन यांची वखार होती. तिची समोरची बाजू टेम्सला लागून होती आणि दुसरी बाजू नदीतून आत शिरलेल्या एका लहानशा खाचेला. दोन्ही बाजूंनी नावा लागत. शेजारची वखार मासे विकणाऱ्यांच्या जुन्या संघाची होती. या संघाने संरक्षक मंडळाचा परवाना मिळवून आपल्या वखारीपुढे भराव घालण्याचे ठरविले. भराव पूर्ण झाला असता तर लायन यांची आतली बाजू कायमची बंद झाली असती. संघाचे म्हणणे असे की नदीवरून नाव नेण्याचा हक्क सार्वजनिक आहे. भरावाने तो कमी होत असेल तर ते सर्व जनतेचे नुकसान, एकट्या लायनचे नव्हे. आणि जनतेच्या वतीने मंडळाने संमती दिलेलीच आहे.

हे म्हणणे दिसते त्याहून बळकट होते. अपील न्यायालयाने ते मान्यही केले. परंतु हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले. लॉर्ड चॅन्सेलर केर्न्स यांच्या विवेचनाचा आशय असा : नदीवर नाव चालविण्याचा हक्क तटस्वामीला इतर प्रजाजनांप्रमाणेच आहे यात शंका नाही. परंतु आपल्या जमिनीवरून थेट पाण्यावर उतरण्याचा आणि पाण्यावरून आपल्या जमिनीवर चढण्याचा जो हक्क, तो इतरांना नाही. तो जमिनीच्या उपभोगाचाच एक भाग आहे, म्हणून खासगी मालमत्ता आहे. तळ दुसऱ्याचा असला तरी तो हक्क उरतो, आणि सार्वजनिक मंडळाच्या परवान्याने तो हिरावून घेता येत नाही.

तटस्वामीच्या बाजूने याहून मोठे शस्त्र नाही, आणि नदीकाठच्या घरांचे वकील ते हटकून काढतात. पण त्याची धार कोठपर्यंत आहे हे नीट पाहिले पाहिजे. लायन यांना मिळाला तो दाराचा हक्क, तबेल्याचा नव्हे. माझे घर रस्त्याला लागून आहे म्हणून मला घराच्या कोणत्याही अंगाने रस्त्यावर येता येते, आणि दारात बैलगाडी उभी करून पोती उतरविता येतात. परंतु त्याच हक्काने बैल सोडून गाडी वर्षभर रस्त्यात ठेवता येत नाही. पुढच्याच वर्षी, १८७७ साली, ओरिजिनल हार्टलपूल कॉलिअरीज कंपनी विरुद्ध गिब या दाव्यात मास्टर ऑफ द रोल्स जेसेल यांनी हाच विचार मांडला. धक्क्याच्या मालकाला माल चढविण्या-उतरविण्यासाठी वाजवी वेळी व वाजवी काळापुरते जहाज बांधता येते. तेवढ्यापुरते ते शेजाऱ्याच्या हद्दीपुढे आले तरी चालते. पण शेजाऱ्याची वाट त्याने अडविता कामा नये. वाजवी काळ हे शब्द येथे कळीचे आहेत. बागेच्या टोकाशी एप्रिल ते ऑक्टोबर डुलत राहणारी हौसेची नाव काही उतरविण्यासाठी थांबलेली नसते.

नौकानयनाच्या सार्वजनिक हक्कातूनही कायमचे नौकास्थान निघत नाही. प्रवासात नांगर टाकून थांबणे हा प्रवासाचाच भाग होय, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने व्हिट्स्टेबलच्या कालव-मच्छीमारांच्या दाव्यात १८६५ साली मान्य केले होते. परंतु तळात जड वजन पुरून, त्याला साखळी व तरंगता पिंप जोडून, नाव नसतानाही जागा अडवून ठेवणे हे निराळे. चिचेस्टर बंदराजवळील एम्सवर्थच्या खाडीबाबत फाउली मरीन विरुद्ध गॅफर्ड हा दावा १९६८ साली अपील न्यायालयापर्यंत गेला. त्यात दुसऱ्याच्या ताब्यातील तळावर असे कायमचे बांधकाम करण्याचा हक्क नौकानयनाच्या हक्कात सामावत नाही, ही भूमिका मान्य झाली. नांगर नावेबरोबर निघून जातो. पुरलेले वजन राहते. भेद एवढाच, पण सगळा कायदा त्याच्याभोवती फिरतो.

येथवर आल्यावर वाचकाची समजूत अशी होईल की तळ आपला नसेल तर नाव बांधणे बेकायदेशीर. २०१३ साली अपील न्यायालयाने दिलेला मूर विरुद्ध ब्रिटिश वॉटरवेज बोर्ड हा निवाडा या समजुतीला धक्का देतो. ब्रेंटफर्ड येथे ब्रेंट नदी, ग्रँड युनियन कालवा आणि टेम्स एकत्र येतात. तेथील भरतीच्या टप्प्यातील भागात मूर यांनी काठाला नावा बांधून ठेवल्या होत्या. बोर्डाने १९८३ च्या आपल्या अधिनियमाच्या ८ व्या कलमाखाली त्या हटविण्याच्या नोटिसा दिल्या. ते कलम कायदेशीर अधिकाराविना ठेवलेल्या नावांना लागू होते. उच्च न्यायालयाने मूर यांना विचारले : कायम नाव बांधण्याचा हक्क तुम्हाला कोठून मिळाला? तटस्वामित्वातून असा हक्क निघत नाही. सबब नोटिसा योग्य. अपील न्यायालयाने प्रश्नच उलटा केला. मूर यांना हक्क आहे की नाही हे निर्णायक नव्हे. त्यांनी कोणता विधिनियम मोडला हे बोर्डाने दाखविले पाहिजे. तळ बोर्डाचा असल्याचे सिद्ध झाले नव्हते, अडथळ्याचा आरोप नव्हता, नाव बांधण्यास स्पष्ट मनाई करणारा नियम नव्हता. ज्याला मनाई नाही ते करण्यास इंग्लिश विधीत मोकळीक असते. नोटिसा रद्द झाल्या.

या निवाड्याचे मथळे असे निघाले की तटस्वामीला नाव बांधण्याचा हक्क मिळाला. तसे झालेले नाही. वेस्ली न्यूकम होफेल्ड यांनी १९१३ साली हक्क आणि मुभा यांतील जो भेद दाखविला, त्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगण्यासारखे मला तरी आढळले नाही. हक्क म्हटला की कोणावर तरी त्याचे कर्तव्य येते. मुभा म्हटली की एवढेच की करणाऱ्यावर न करण्याचे कर्तव्य नाही. मूर यांना होती ती मुभा. उद्या शेजाऱ्याने त्याच जागी स्वतःची नाव आधी आणून बांधली, तर मूर कोणत्या आधारावर तक्रार करणार? जमिनीवर उतरण्याची वाट अडली एवढीच तक्रार ते करू शकतील, आणि ती पुन्हा लायनच्या निवाड्यावर. मुभा खरेदीखताने हस्तांतरित होत नाही, कारण तिच्यात देण्यासारखे काहीच नसते. खरेदीदाराला ती विक्रेत्याकडून नव्हे, तर कायद्याच्या मौनातून मिळते. मौन केव्हाही मोडू शकते. टेम्सवर तर ते मोडलेलेच आहे.

खालच्या भागात १९६८ च्या लंडन बंदर अधिनियमाच्या ६६ व्या कलमाखाली नदीतील बांधकामासाठी प्राधिकरणाचा परवाना लागतो. धक्का, तरता तराफा, खुंटे, पुरलेली साखळी ही सर्व त्यात येतात. ६७ व्या कलमाप्रमाणे त्याबद्दल घ्यावयाचा मोबदला परिस्थिती पाहता वाजवीपणे मिळू शकेल तेवढा उत्तम असावयाचा. म्हणजे प्राधिकरण येथे केवळ राखणदार नसून जमीनदारही आहे, आणि जमीनदाराप्रमाणेच भाडे पाहते. वरच्या भागात तळ खरेदीदाराचा स्वतःचा असला तरी धक्का, नावघर किंवा खुंटे यांसाठी पर्यावरण अभिकरणाचा परवाना घ्यावा लागतो, व त्याचा वार्षिक आकार बांधकामाच्या आकारमानावर ठरतो. आपल्याच जमिनीत खुंटा रोवण्यासाठी वर्षासन भरावे लागते, याचे आपल्या विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. पण त्या तळावरून जनतेला जाण्याचा हक्क असल्याने ती जमीन पूर्णपणे आपली कधीच नसते. नदीकाठापासून ८ मीटरांच्या आत काम करावयाचे तर पूरसुरक्षेच्या दृष्टीने स्वतंत्र परवानगीचा प्रश्न येतो. नावेची नोंदणी आणखी निराळी. धक्क्याचा परवाना विक्रेत्याच्या नावे असतो. तो घराबरोबर आपोआप चालत येतो असे समजून पुष्कळ खरेदीदार स्वस्थ राहतात. तो आपल्या नावे करून घ्यावा लागतो, आणि मुळात कधी घेतलाच नव्हता असेही उघडकीस येते.

‘खासगी’ या विशेषणाचा अर्थही येथे मर्यादित होतो. १८८५ च्या टेम्स संरक्षण अधिनियमाने टेडिंग्टनच्या वरची नदी सार्वजनिक विहाराची जागा म्हणून मानली आणि तिच्या पाण्यावरून हौसेच्या नावा नेण्याचा, तसेच सामान्य विहाराच्या ओघात वाजवी काळ थांबण्याचा, जनतेचा हक्क नमूद केला. त्याच अधिनियमाने तटस्वामीचे तळावरील हक्क आणि आपल्या तळावर नांगरणाऱ्या वा रेंगाळणाऱ्या नावांविरुद्धचे त्याचे उपाय मात्र शाबूत ठेवले. १९३२ च्या अधिनियमात ही व्यवस्था पुढे चालू राहिली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने राखले. उन्हाळ्यातील रविवारी परक्या नावेने आपल्या बागेपुढे नांगर टाकला तर किती वेळ हा वाजवी वेळ, याचा तंटा त्यामुळे कधीच मिटत नाही. आपल्या कड्याला त्याने दोर बांधला तर मात्र प्रश्न सोपा आहे. ते अतिक्रमण होय.

आतापर्यंत नौकास्थान घराला लागून आहे असे धरले. पुष्कळदा ते तसे नसते. घर रस्त्याच्या अलीकडे, नौकास्थान पलीकडे, तेही दुसऱ्याच्या काठाला. अशा वेळी ते सुविधाधिकार म्हणून घराला चिकटू शकते काय? पी. अँड एस. प्लॅट विरुद्ध क्राउच या दाव्यात अपील न्यायालयाने २००३ साली होकारार्थी उत्तर दिले. नॉर्फोक ब्रॉड्समधील एक हॉटेल आणि जवळची बेटवजा जमीन एकाच कुटुंबाच्या मालकीची होती. हॉटेलात उतरणारे पाहुणे आपल्या नावा त्या जमिनीच्या काठाला बांधीत. नौकास्थान हॉटेलचे असल्याच्या पाट्याही होत्या. कुटुंबाने हॉटेल विकले. उरलेली जमीन मागाहून घेण्याचा पर्याय खरेदीदाराला ठेवला होता, तो फलद्रूप झाला नाही. आणि मग विक्रेत्यांनी नावा बांधण्यास हरकत घेतली. खरेदीखतात नौकास्थानाचा उल्लेख नव्हता. तरीही न्यायालयाने १९२५ च्या मालमत्ता विधीच्या ६२ व्या कलमाचा आधार घेऊन ठरविले की विक्रीच्या वेळी हॉटेलबरोबर उपभोगला जाणारा, सतत आणि उघड दिसणारा तो उपयोग खरेदीबरोबर सुविधाधिकार होऊन आला. पाट्या, खुंटे आणि रुळलेली वाट यांनी जे सांगितले ते खरेदीखताने नाकारले नव्हते, एवढे पुरे झाले.

आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाचे १३ वे कलम असेच उघड व सतत असलेल्या सोयीसंबंधी आहे. परंतु त्यात ती सोय मालमत्तेच्या पूर्ववत उपभोगासाठी आवश्यक असली पाहिजे, ही अट आहे. प्लॅटचा निकाल या अटीतून पार पडला असता काय, हे विद्यार्थ्यांनी स्वतः तपासून पाहावे. माझ्या मते हॉटेलचा धंदा नावेने येणाऱ्या पाहुण्यांवर कितपत चालतो या पुराव्यावर ते अवलंबून राहील.

याउलट नदीकाठच्या नव्या वसाहतींत नौकास्थान हे बहुधा व्यवस्थापन कंपनीच्या मालकीचे राहते आणि रहिवाशाला केवळ परवाना मिळतो. परवाना ही व्यक्तिगत गोष्ट होय. परवाना देणाऱ्याने जमीन तिसऱ्यास विकली तर तो तिसरा त्याने बांधला जात नाही. इंग्लंडात हे तत्त्व किंग विरुद्ध डेव्हिड ॲलन या १९१६ च्या निवाड्यापासून प्रसिद्ध आहे. आपल्या अधिनियमात ते ५९ व्या कलमात सरळ लिहूनच ठेवले आहे. मात्र आपल्या ६० व्या कलमात एक आसरा आहे : परवान्यावर विसंबून ज्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, त्याचा परवाना देणाऱ्याला मागे घेता येत नाही. पाण्यात तरता ठेवलेला तराफा कायम स्वरूपाचा म्हणावा काय? चेल्सी येथील एका घरनावेबाबत इंग्लिश अपील न्यायालयाने २००० साली असे ठरविले की दोर आणि नळ सोडविले की जी निघून जाऊ शकते ती वस्तू जमिनीचा भाग नव्हे. तराफ्याला तोच न्याय लागण्याची भीती आहे.

आणि पाणी? नौकास्थानाचे सारे मोल पाण्याच्या खोलीवर असते, आणि खोली कोणालाच विकत घेता येत नाही. टेट अँड लाइल ही साखरेची कंपनी टेम्सच्या खालच्या भागात आपल्या धक्क्यांवर जहाजे लावीत असे. वुलिचच्या तरीसाठी १९६० नंतरच्या दशकात नवे धक्के बांधले गेले. प्रवाह बदलला, गाळ साचला, आणि कंपनीला तो उपसत बसावे लागले. १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की तटस्वामीला अमुक इतकी खोली मिळालीच पाहिजे असा खासगी हक्क नाही, आणि कंपनीचे धक्के तर परवान्यावर उभे होते. कंपनीला जी भरपाई मिळाली ती सार्वजनिक नौकानयनास झालेल्या उपद्रवाखाली, विशेष नुकसान सोसावे लागले म्हणून. ज्याला खासगी म्हणून किंमत मोजली ते वाचले सार्वजनिक हक्काच्या आधाराने, ही या विषयातील विलक्षण गोष्ट होय.

पुराविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण त्याचा धोका खरेदीदाराला डोळ्यांनी दिसतो. टेम्सचा मार्च १९४७ चा आणि २०१४ च्या आरंभीचा पूर काठच्या रहिवाशांच्या बोलण्यात अजून येतो. एप्रिल २०१६ पासून ‘फ्लड री’ या योजनेमुळे पूरप्रवण घरांचा विमा आटोक्यातील हप्त्यात उतरू लागला. परंतु १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती योजना लागू नाही, आणि ती २०३९ पर्यंतच चालावयाची आहे. म्हणून नदीकाठच्या घराचे बांधकामाचे वर्ष विचारणे हे खोल्या मोजण्याइतकेच अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात हा सगळा विचार एका निराळ्याच पायावर उभा करावा लागतो. सुविधाधिकार अधिनियम मुंबई इलाख्याला १८९१ साली लागू झाला. त्याच्या ७ व्या कलमाच्या उदाहरणांत काठच्या मालकाने पिण्यासाठी, घरकामासाठी, गुरांसाठी व शेतीसाठी पाणी घेण्याचा हक्क सांगितला आहे. नावेचा उल्लेख त्यात नाही. दुसरीकडे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २० व्या कलमाने नद्या, ओढे व भरतीरेषेखालील खाड्या यांचे तळ, इतर कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, शासनाचे ठरविले. मध्यरेषेचे गृहीतक येथे व्यवहारात उलटे होते : तळ शासनाचा असे धरून चालावयाचे आणि उलट सांगणाऱ्याने सिद्ध करावयाचे. त्यामुळे मुळा-मुठेच्या काठी असो की सावित्री वा वाशिष्ठीच्या खाडीकाठी, खरेदीदाराची स्थिती मार्लोच्या मालकासारखी नसून पटनीच्या मालकासारखी असते. शिवाय भरतीच्या टप्प्यातील काठांना किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेत अशा खाड्यांलगतचा पट्टा ५० मीटर किंवा पात्राची रुंदी यांपैकी कमी असेल तेवढा धरला आहे, मात्र त्या त्या जिल्ह्याचा आराखडा मंजूर असला पाहिजे. गोव्यात मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा हे २०१६ च्या अधिनियमाने राष्ट्रीय जलमार्ग झाले, म्हणजे राज्याच्या जोडीला केंद्रही तेथे आले.

लायनच्या निवाड्यातील दाराचा हक्क मात्र तळाच्या मालकीवर अवलंबून नाही. तळ शासनाचा असला तरी काठच्या मालकाचा पाण्यावर उतरण्याचा हक्क आपल्या विधीतही उरतो, असे प्रतिपादन करण्यास पुरेसा आधार आहे. कारण ७ व्या कलमातील उदाहरणे ही उदाहरणेच आहेत, ती यादी नव्हे. असे प्रतिपादन करणाऱ्या वकिलाला पुराव्याची पहिली अडचण तलाठ्याच्या दप्तरात येईल. सात-बाराच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, कुळाचे वा बँकेचे नाव त्यात येते. कोकणातील खाडीकाठच्या एखाद्या गटाचा उतारा काढून पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या होडी लागत आलेल्या दगडी पायऱ्या जागेवर असतात. त्या रकान्यात त्यांचा मागमूसही आढळत नाही.